‘ॲसर्टेन’ हे इंग्रजी क्रियापद तेलुगू भाषकांना कसं समजवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोणासाठी आहे?

सोलापूरच्या पूर्व भागात, भिवंडीत, सिरोंच्यात इंग्रजी शिकवणाऱ्या मराठी शिक्षकांसाठी. तिथल्या वर्गांत बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू बोललं जातं. मुलं मराठी अस्खलित बोलतात, पण इंग्रजी वाक्य जुळवताना आतून तेलुगू डोकावतं. हैदराबादला बदली होऊन गेलेल्या आणि तिथल्या सहकाऱ्यांचे मसुदे तपासणाऱ्या मराठी मंडळींनाही हे उपयोगी पडेल.

तेलुगू शब्द इथे देवनागरीत लिहिले आहेत. तेलुगू लिपीत ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए, तसंच ऱ्हस्व ओ आणि दीर्घ ओ यांना वेगवेगळी अक्षरं आहेत. आपल्याकडे ती सोय नाही. त्यामुळे पुढे वारंवार येणाऱ्या ‘कोनु’तला ओ आखूड म्हणायचा आणि ‘कोंडि’तला लांब, एवढं ध्यानात ठेवा.

इंग्रजीत इतकी क्रियापदं असताना हेच का निवडलं?

कारण ते सोपं वाटतं आणि तिथेच घोळ होतो. ‘सर्टन’ म्हणजे नक्की, म्हणून ‘ॲसर्टेन’ म्हणजे नक्की करणं, असा सरळ हिशोब मुलं मांडतात. मग ‘मी उद्याची मीटिंग ॲसर्टेन केली’ अशा अर्थाची वाक्यं येतात. मीटिंग नक्की करणं म्हणजे ‘फिक्स’ किंवा ‘कन्फर्म’ करणं. ‘ॲसर्टेन’चा त्याच्याशी संबंध नाही.

दुसरं कारण व्यवहाराचं आहे. हा शब्द बाजारात कोणी वापरत नाही. पण सरकारी पत्रात, चौकशी अहवालात, विम्याच्या कागदात, न्यायालयाच्या निकालात तो असतोच. तेलंगणात आणि आंध्रात राज्य लोकसेवा आयोगाच्या ग्रुप-१च्या मुख्य परीक्षेत इंग्रजीचा पात्रता पेपर असतो. त्यात पत्र, अहवाल, सारांश लिहावे लागतात, तेव्हा ही भाषा अंगवळणी पडलेली बरी.

अर्थ थोडक्यात काय?

शहानिशा करणं. एखादी गोष्ट खरी काय आहे ते चौकशी करून, तपासून पक्कं माहीत करून घेणं. सुरुवातीला ती गोष्ट माहीत नसते किंवा शंका असते. मग खटपट होते, आणि शेवटी ज्याने खटपट केली त्याच्या पदरी माहिती पडते.

‘त्याच्या पदरी’ हे शब्द विसरू नका. सगळी मेख तिथे आहे.

तेलुगू शब्दकोशात ‘निर्धारिंचु’ असा अर्थ मिळतो. तेवढा सांगितला की झालं ना?

अर्धं काम होतं. ‘निर्धारिंचु’ हा शब्द चुकीचा नाही, पण तो दोन्ही बाजूंना वळतो. तेलुगू वर्तमानपत्रात ‘वैद्युलु निर्धारिंचारु’ असं छापून येतं, तेव्हा डॉक्टरांनी अमुक आजार असल्याचं जाहीर केलं, त्यावर शिक्कामोर्तब केलं, असा अर्थ वाचणारा घेतो. इंग्रजीत तिथे ‘कन्फर्म’ येईल. म्हणजे माहिती आतून बाहेर जाते आहे. ‘ॲसर्टेन’मध्ये ती बाहेरून आत येते.

गंमत अशी की याच शब्दाचं नाम मात्र बरोबर जागी बसलेलं आहे. आंध्र-तेलंगणात एखादी चकमक झाली, दंगल झाली, की हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटना ‘निजनिर्धारण कमिटी’ पाठवतात. आपण जिला सत्यशोधन समिती म्हणतो, ती ही. ‘निजं’ म्हणजे खरं. घटनास्थळी जाणं, लोकांशी बोलणं, कागद पाहणं आणि मग खरं काय घडलं ते ठरवणं, हे सगळं त्या एका जोडशब्दात आहे. वर्तमानपत्र वाचणाऱ्या तेलुगू माणसाला तो ओळखीचा असतो. वर्गात मी व्याख्येच्या आधी हा शब्द फळ्यावर लिहितो. ‘ही कमिटी जे करते ते ॲसर्टेन’ एवढं म्हटलं की पुढचं सांगायला निम्मा वेळ लागतो.

मग क्रियापद म्हणून तेलुगूत नेमकं काय सांगायचं?

‘निर्धारिंचुकोनु’. आज्ञार्थी ‘निर्धारिंचुकोंडि’. शेवटी जोडलेलं ते ‘कोनु’ हीच किल्ली.

तेलुगूत बहुतेक क्रियापदांना हे ‘कोनु’ लागतं आणि क्रियेचं फळ करणाऱ्याकडे वळतं. ‘वंडु’ म्हणजे स्वयंपाक करणं, ‘वंडुकोनु’ म्हणजे स्वतःपुरतं रांधून घेणं. ‘तेलुपु’ म्हणजे कळवणं, ‘तेलुसुकोनु’ म्हणजे कळून घेणं, माहिती काढणं. ‘नेर्पु’ म्हणजे शिकवणं, ‘नेर्चुकोनु’ म्हणजे शिकून घेणं. तेलुगू पोर लहानपणीच हा फरक बोलू लागतं, त्याला व्याकरणातलं नाव माहीत नसलं तरी.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे ‘घेणं’ आहे. ‘खात्री करून देणं’ आणि ‘खात्री करून घेणं’ यांत जो फरक आहे, तोच ‘निर्धारिंचु’ आणि ‘निर्धारिंचुकोनु’ यांत आहे. साम्य इथेच थांबत नाही. मराठीत ‘साडी घेतली’ म्हणजे विकत घेतली. तेलुगूत ‘कोनु’ हे सुटं क्रियापद म्हणून वापरलं, तर त्याचा अर्थ विकत घेणं असाच होतो. दोन्ही भाषांनी आपापला एकच शब्द बाजारातही वापरला आणि व्याकरणातही. एक भाषा द्राविडी, दुसरी इंडो-आर्यन. कोणी कोणाकडून काय उचललं हा वाद अभ्यासकांवर सोपवू. आपल्याला वर्गात आयता धागा मिळाला, तो हातचा कशाला सोडायचा?

म्हणून माझं म्हणणं असं: तेलुगू भाषकाला ‘ॲसर्टेन’ शिकवताना जड संस्कृत प्रतिशब्दांची रांग लावू नका. त्याला एवढंच विचारा, ‘इथे कोनु लागेल का?’ लागत असेल तर ‘ॲसर्टेन’ चालण्याची शक्यता आहे. लागत नसेल तर तो शब्द बाजूला ठेवा आणि ‘कन्फर्म’, ‘सर्टिफाय’, ‘इन्फॉर्म’ यांतलं काही बघा.

मराठी आणि तेलुगूत संस्कृत शब्द सारखेच आहेत. त्यांच्या आधारे समजावलं तर?

जपून. हे शब्द दिसतात सख्खे आणि निघतात लांबचे. मराठीत ‘निर्धार’ म्हणजे ठाम निश्चय. ‘त्याने निर्धार केला’ म्हणजे त्याने मनाशी पक्कं ठरवलं. तुम्ही ‘निर्धारिंचु’चा अर्थ आपल्या निर्धारावरून लावलात, तर ‘ॲसर्टेन’ म्हणजे ‘ठरवणं’ असं शिकवून बसाल. आपलं ‘कर निर्धारण’ त्यातल्या त्यात जवळ आहे, पण तो कचेरीतला शब्द, मुलांच्या कानावर येत नाही.

‘ध्रुवीकरण’ तर आणखी मजेशीर. आपल्याकडे निवडणुकीच्या दिवसांत मतांचं ध्रुवीकरण होतं. तेलुगूत ‘ध्रुवीकरण पत्रं’ म्हणजे प्रमाणपत्र, दाखला. जातीचा दाखला काढायला गेलेला माणूस ‘कुल ध्रुवीकरण पत्रं’ मागतो. तेव्हा ‘ध्रुवीकरिंचु’ हे ‘सर्टिफाय’साठी पक्कं, ‘ॲसर्टेन’साठी नाही.

असे शब्द ढिगाने आहेत. तेलुगूत ‘व्यवसायं’ म्हणजे शेती, ‘उद्योगं’ म्हणजे नोकरी, ‘प्रपंचं’ म्हणजे जग, ‘अनुमानं’ म्हणजे संशय. या शेवटच्याचा आपल्या विषयाशी थेट संबंध येतो. मराठी शिक्षक म्हणतो, ‘पुराव्यावरून अनुमान काढा.’ तेलुगू मुलाला ऐकू येतं, ‘संशय काढा.’ योगायोगाने ‘ॲसर्टेन’मध्ये संशय फिटतोच, म्हणून गाडी रुळावरून घसरत नाही. पण दर वेळी नशीब साथ देईल असं नाही.

फारसी-अरबी शब्दांचं काय? तेही दोन्हीकडे आहेतच.

आहेत, आणि इथे ते जास्त कामाला येतात. तेलुगूत पोलीस तपासाला ‘दर्याप्तु’ म्हणतात. मूळ फारसी शब्दाचा अर्थच शोधून काढणं असा. ‘रुजुवु’ म्हणजे पुरावा. मराठीत ताळा पाहण्याला रुजुवात म्हणतात, ती याच घराण्यातली. ‘खरारु’ म्हणजे अंतिम ठरवणं, आपला ‘करार’. क्रम असा लावता येतो: आधी दर्याप्तु, त्यातून रुजुवु, मग ॲसर्टेन, आणि त्यानंतर खरारु. ‘मीटिंग ॲसर्टेन केली’ लिहिणाऱ्याला नेमकं ‘खरारु’ म्हणायचं असतं.

‘फाइंड आउट’ म्हटलं तर चालणार नाही का?

बोलताना तेच म्हणावं. तेलुगूत ‘कनुक्कोनु’ हा त्याचा जुळा. ‘कनुक्कुनि चेप्तानु’ म्हणजे ‘चौकशी करून सांगतो’. हे वाक्य हैदराबादच्या कुठल्याही खिडकीवर ऐकायला मिळतं. याचं इंग्रजी ‘आय विल फाइंड आउट अँड टेल यू’. इथे ‘ॲसर्टेन’ घातलं तर समोरचा चमकून बघेल.

तेलुगू भाषकाला हा फरक पटवायला अडचण येत नाही. त्याच्या भाषेत ग्रांथिक आणि व्यावहारिक असा वाद चांगलाच रंगला होता. गिडुगु वेंकट राममूर्ती (१८६३–१९४०) यांनी पुस्तकी तेलुगूच्या विरोधात बोलीच्या बाजूने मोहीम चालवली. त्यांचा २९ ऑगस्ट हा जन्मदिवस तेलुगू भाषा दिन म्हणून पाळतात. ‘फाइंड आउट’ व्यावहारिक, ‘ॲसर्टेन’ ग्रांथिकाकडे झुकलेलं, असं म्हटलं की पुरे.

अशुअर, एन्शुअर, व्हेरिफाय, सर्टिफाय या सगळ्यांत गोंधळ होतो. कसा सोडवायचा?

‘अशुअर’ म्हणजे दुसऱ्याला खात्री देणं. ‘एन्शुअर’ म्हणजे पुढे तसंच घडेल अशी तजवीज करणं. दार बंद आहे का ते पाहिलं तर ‘ॲसर्टेन’, बंद राहील असं केलं तर ‘एन्शुअर’. ‘व्हेरिफाय’मध्ये आधीच कोणीतरी काहीतरी सांगितलेलं असतं आणि ते खरं की खोटं एवढंच पाहायचं असतं. अर्जात जन्मतारीख लिहिली आहे, ती दाखल्याशी ताडून पाहणं हे ‘व्हेरिफाय’. तारीखच कोणाला ठाऊक नाही, जुन्या नोंदी धुंडाळून ती काढली, तर ‘ॲसर्टेन’.

‘सर्टिफाय’शी असलेला फरक दाखवायला मला राज्यघटनेइतकं चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. अनुच्छेद २७९मध्ये करांच्या निव्वळ उत्पन्नाविषयी म्हटलं आहे की ते भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी ‘ॲसर्टेन्ड अँड सर्टिफाइड’ करायचं, आणि त्यांचं प्रमाणपत्र अंतिम. दोन क्रियापदं शेजारी शेजारी ठेवली आहेत आणि एकही फालतू नाही. कर जमा झाला, वसुलीचा खर्च वजा गेला, खरा आकडा किती उरला हे आधी हिशोब तपासून स्वतः काढायचं. मग सही-शिक्क्यानिशी जगाला सांगायचं. तेलुगूत मांडा: ‘मुंदु निर्धारिंचुकोनि, तर्वात ध्रुवीकरिंचालि.’ पहिल्याला कोनु लागलं, दुसऱ्याला नाही. मराठीत: आधी खात्री करून घ्यायची, मग प्रमाणित करून द्यायचं. घेणं आणि देणं. मसुदा लिहिणाऱ्यांच्या मनात तेलुगू किंवा मराठी व्याकरण असण्याचं काही कारण नव्हतं, पण वाक्य असं बसलंय की जणू आपल्यासाठीच लिहिलं.

घटनेत हा शब्द आणखीही भेटतो. लोकसभेच्या जागावाटपाच्या अनुच्छेद ८१मध्ये ‘लोकसंख्या’ म्हणजे कोणती, ते सांगताना मागच्या जनगणनेत ‘ॲज ॲसर्टेन्ड’ झालेली लोकसंख्या असं म्हटलं आहे. कोणी ठरवलेली नव्हे, घरोघर फिरून मोजून काढलेली.

वाक्यात हे क्रियापद बसवताना तेलुगू भाषक नेमके कुठे अडखळतात?

सर्वांत जास्त ‘अबाउट’पाशी. तेलुगूत ‘दानि गुरिंचि तेलुसुकोंडि’ हे अगदी सहज वाक्य आहे. ‘गुरिंचि’ म्हणजे विषयी. त्याचं शब्दशः इंग्रजी ‘ॲसर्टेन अबाउट इट’ होतं आणि ते चुकतं. ‘ॲसर्टेन’च्या पाठोपाठ थेट कर्म येतं: ‘ॲसर्टेन द कॉज’, ‘ॲसर्टेन द फॅक्ट्स’. ‘गुरिंचि’ गाळा, एवढी एकच सूचना वहीत लिहून द्या.

दुसरी अडचण शंकेच्या वाक्याची. तेलुगूत ‘वच्चाडो लेदो’ म्हणजे आला की नाही. क्रियापदाला ‘ओ’ लागला की शंका तयार, वेगळा शब्द नको. इंग्रजीत तिथे ‘व्हेदर’ हवा. शिवाय तेलुगूतला ‘अनि’ आणि मराठीतला ‘की’ दोघंही ‘दॅट’ला ओढून आणतात. मग ‘ॲसर्टेन दॅट व्हेदर ही केम’ असा दुहेरी प्रकार होतो. ही खोड आपल्या मराठी मुलांनाही आहे, तेलुगूंच्या माथी मारू नका. सूत्र असं: ‘ओ’ आणि ‘लेदो’ दिसलं की फक्त ‘व्हेदर’. ‘एवरो’, ‘एप्पुडो’, ‘एंदुको’ असं दिसलं की ‘हू’, ‘व्हेन’, ‘व्हाय’.

तिसरं म्हणजे माणूस. डॉक्टरांकडून माहिती घ्यायची असेल तर ‘ॲसर्टेन फ्रॉम द डॉक्टर’. ‘ॲसर्टेन द डॉक्टर’ म्हटलं, तर डॉक्टर कोण हेच शोधायचं आहे असं वाटेल.

कर्मणी प्रयोग शिकवावा का?

शिकवावाच लागतो, कारण हा शब्द अनेकदा तसाच येतो. पण तेलुगूत भाषांतर करून दाखवताना ‘निर्धारिंचबडिंदि’ असं करू नका. ‘बडु’ लावून केलेला कर्मणी तेलुगूत ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो. ‘निर्धारण अयिंदि’ म्हणा. आपण अहवालात ‘निष्पन्न झाले’ किंवा ‘आढळून आले’ लिहितो, त्याच धाटणीचं.

वर्तमानपत्रातली आगीची बातमी हा यासाठी उत्तम धडा. इंग्रजी बातमीच्या शेवटी लिहिलेलं असतं की आगीचं कारण ‘इज येट टु बी ॲसर्टेन्ड’. तेलुगू बातमीदार तिथे ‘कारणालु इंका तेलियाल्सि उंदि’ लिहितो, म्हणजे कारणं अजून कळायची आहेत. मराठीत तेच ‘आगीचे कारण अद्याप समजू शकलेले नाही’ असं येतं. तिन्ही भाषांच्या बातम्यांचा हा ठरलेला शेवट. ती तीन वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहा. मुलं स्वतःच बोट ठेवून दाखवतात, कुठला तुकडा कुठे गेला.

शब्दाची व्युत्पत्ती सांगण्यात काही अर्थ आहे का?

या शब्दाच्या बाबतीत आहे. इंग्रजीत तो जुन्या फ्रेंचमधल्या ‘असर्तने’वरून आला. त्याच्या पोटात ‘सर्टन’, त्याच्या मागे लॅटिन ‘कर्तुस’, आणि त्याच्याही मागे ‘कर्नेरे’ हे क्रियापद. ‘कर्नेरे’ म्हणजे चाळणं, निवडून वेगळं काढणं.

तेलुगूत चाळणीला ‘जल्लेड’ म्हणतात. आणि पोलिसांनी एखादा भाग पिंजून काढला की तेलुगू बातमीत ‘जल्लेड पट्टारु’ येतं, म्हणजे चाळण धरली. लॅटिनपासून गुंटूरपर्यंत शोधायला माणसाला चाळणीच आठवते. पाठ करायला याहून सोपी खूण नाही.

कायद्यात ‘अनॲसर्टेन्ड गुड्स’ असं येतं. तिथे शहानिशेचा काय संबंध?

चांगला प्रश्न, आणि वाणिज्य शाखेची मुलं तो हमखास विचारतात. १९३०च्या माल विक्री अधिनियमात कलम १८ आहे. त्यात म्हटलं आहे की विकलेला माल ‘ॲसर्टेन’ होत नाही तोवर त्याची मालकी खरेदीदाराकडे जात नाही.

गुंटूरच्या मिरची यार्डातलं उदाहरण घ्या. समजा एका व्यापाऱ्याच्या गोदामात एकाच प्रतीच्या मिरचीची पाचशे पोती आहेत. सोलापूरच्या मसालेवाल्याने त्यातली पन्नास घ्यायचा सौदा केला. कुठली पन्नास? अजून कोणालाच माहीत नाही. त्या रात्री पाऊस होऊन काही पोती भिजली, तर सोलापूरवाल्याची भिजली असं म्हणता येणार नाही, कारण त्याची पोती कुठली हेच नक्की नाही. सकाळी हमालांनी पन्नास पोती उचलून बाजूला लावली, त्यांवर खूण केली, सौद्यातली पोती हीच असं ठरलं, की माल ‘ॲसर्टेन्ड’ झाला. मालकी त्याच क्षणी बदलेल असं नाही, ती दोघांच्या ठरावावर आणि पुढच्या कलमांवर अवलंबून. पण या पायरीच्या आधी ती बदलूच शकत नाही.

म्हणजे इथे माहिती मिळवण्यापेक्षा ‘वेगळं काढणं’ हा अर्थ वर आला. चाळणीची गोष्ट आधी सांगून ठेवली असेल, तर हा प्रश्न निम्मा सुटलेला असतो.

प्राप्तिकराच्या कायद्यात ‘ॲसर्टेन्ड लायबिलिटी’ भेटते. देणं आहे आणि त्याचा आकडाही काढता येतो, असं देणं. ठोस आधाराशिवाय, नुसत्या अंदाजाने बाजूला ठेवलेली रक्कम त्यात बसत नाही.

जुन्या इंग्रजीत याचा अर्थ वेगळा लागतो, असं का?

पूर्वी ‘ॲसर्टेन’चा अर्थ ‘पक्कं करणं, कायम ठरवून टाकणं’ असाही होता. लेखक जोनाथन स्विफ्टने १७१२मध्ये इंग्रजी भाषेला दुरुस्त करून ‘ॲसर्टेन’ करण्याविषयी पत्रिका काढली. त्याला भाषेची शहानिशा करायची नव्हती, तिला कायमचं बांधून ठेवायचं होतं. अमेरिकेच्या १७८७च्या राज्यघटनेत लोकप्रतिनिधींचं मानधन कायद्याने ‘ॲसर्टेन’ व्हावं असं लिहिलं आहे, तिथेही ठरवणं हाच अर्थ. जुने दस्तऐवज वाचणाऱ्या विद्यार्थ्याला एवढं सांगून ठेवा. बाकीच्यांना सांगू नका, उगाच डोक्यात कालवाकालव होते. मीटिंग ‘ॲसर्टेन’ करणारा पोरगा मग स्विफ्टचा दाखला देईल.

उच्चार कसा शिकवावा?

‘मेंटेन’, ‘रिटेन’ यांच्याशी यमक जुळवा, ‘सर्टन’शी नाही. जोर शेवटच्या ‘टेन’वर. स्पेलिंगमधल्या एस आणि सी या दोन अक्षरांचा मिळून एकच स. तेलुगूत शब्द सहसा स्वरावर संपतो. बस तिथे ‘बस्सु’ होते आणि रोड ‘रोड्डु’. त्यामुळे ‘ॲसर्टेनु’ असा शेपटीचा उकार ऐकू येईल. समजायला त्याने काही अडत नाही. मुलाखतीची तयारी असेल तर सुधारा, एरवी त्यावर तास घालवण्यात राम नाही.

आंध्रातलं आणि तेलंगणातलं तेलुगू वेगळं. सोलापूरचं आणखी वेगळं. मग वरची उदाहरणं सगळीकडे चालतील?

‘कोनु’ सगळीकडे आहे, रूपं थोडी बदलतात. सोलापुरात घरची तेलुगू मराठीत चांगलीच मुरलेली आहे. तिथे अनेकांना तेलुगू बोलता येतं पण वाचता येत नाही. ‘निजनिर्धारण’सारखा वर्तमानपत्री शब्द त्यांच्या कानावर गेलेला नसेल. अशा वर्गात ‘तेलुसुकोनु’वरून सुरुवात करा आणि मराठी ‘शहानिशा करून घे’ची जोड द्या. हैदराबादेत उलट क्रम बरा.

कोणते कोश जवळ ठेवावेत?

इंग्रजीसाठी विद्यार्थ्यांकरता काढलेला कुठलाही चांगला इंग्रजी-इंग्रजी कोश, ज्यात वाक्यांची उदाहरणं भरपूर आहेत. तेलुगूसाठी ‘आंध्रभारती’ या संकेतस्थळावर अनेक कोश एकत्र शोधता येतात. त्यात सी. पी. ब्राउन यांचाही कोश आहे. ब्राउन (१७९८–१८८४) कंपनी सरकारचे अधिकारी. कडप्पा, मछलीपट्टणम, राजमहेंद्री अशा ठिकाणी नोकरी करता करता त्यांनी तेलुगू-इंग्रजी आणि इंग्रजी-तेलुगू कोश तयार केले, ते १८५२च्या सुमारास छापले गेले. आपल्याकडे मराठी-इंग्रजी कोशकार मोल्सवर्थचं जे स्थान, ते तिकडे ब्राउन यांचं. कडप्पात त्यांच्या नावाचं ग्रंथालय आहे. कोश रमून जाण्याजोगा आहे, पण दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या प्रतिशब्दांनी आजचा मसुदा लिहू नये.

कार्यालयात सर्रास ‘ॲसर्टेन चेयंडि’ म्हणतात. हे चूक आहे का?

चूक कसली? मराठीत आपण ‘ॲसर्टेन करा’ म्हणतोच. इंग्रजी क्रियापद उचलून त्याला ‘चेयु’ किंवा ‘करणं’ लावणं ही दोन्ही भाषांची जुनी सवय आहे. फक्त एक पाहा. बोलणारा ‘चेयंडि’ म्हणतो की ‘चेसुकोंडि’? दुसरं म्हणत असेल तर शब्दाचा अर्थ त्याला लागला आहे.

सरावासाठी काय द्यावं?

तेलुगू दैनिकातली एखादी अपघाताची किंवा चोरीची बातमी द्या आणि ठाण्यातून वरिष्ठांना जाणारं चार ओळींचं इंग्रजी पत्र लिहायला सांगा. जिथे माहिती काढायची आहे तिथे ‘ॲसर्टेन’, जिथे सांगायची आहे तिथे दुसरं काही. शेजारी ही वाक्यं तोंडी सोडवायला द्या, कुठे ‘ॲसर्टेन’ चालेल ते ओळखायचं:

गाडीचा मूळ मालक कोण ते आरटीओकडून काढा. (चालेल.)

उद्या सगळे वेळेवर येतील असं बघा. (नाही, ‘एन्शुअर’.)

तुमची रक्कम बुडणार नाही, असं बँकेने ग्राहकाला सांगितलं. (नाही, ‘अशुअर’.)

पुरात किती एकर पीक गेलं ते पंचनाम्यातून कळलं. (चालेल, कर्मणी प्रयोगात.)

अर्जातला आधार क्रमांक बरोबर आहे का ते ताडून पाहा. (‘व्हेरिफाय’ जास्त बरं. ‘ॲसर्टेन व्हेदर’ अगदीच चूक म्हणता येणार नाही. इथे वर्गात वाद होतो, होऊ द्या.)